युगांडात इलेक्टिव्हनंतर तीन-चार दिवस जंगल : करावं का, कुठलं आणि कधी?

ऋजुता_ब :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बर्मिंगहॅमला मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. इकडे शेवटच्या वर्षी इलेक्टिव्ह असते, म्हणजे काही आठवडे जगात कुठेही जाऊन तिथलं काम बघायचं, जमेल तेवढं शिकायचं. मी आणि माझी मैत्रीण (ती पुण्याची, इंडियन पासपोर्ट) जून-जुलैमध्ये युगांडात म्बराराला जातोय, तिथल्या रिजनल रेफरल हॉस्पिटलमध्ये. मेडिसिन आणि बालरोग असे वॉर्ड मिळालेत. परमिशन, राहण्याची सोय वगैरे झालीय.

आता प्रश्न असा की परतीच्या आधी तीन-चार दिवस हातात आहेत. म्बराराच्या आसपास लेक म्बुरो आहे, क्वीन एलिझाबेथ नॅशनल पार्क आहे, आणि खाली ब्विंडीला गोरिला. आम्हाला दोघींनाही जंगलाचं प्रचंड वेड, माझ्या तर लहानपणापासून डोक्यात आहे. पण मनात एक टोचणी पण आहे. ज्या वॉर्डात लोक बाळाला आणायला गाडीभाडं कुठून आणायचं या विवंचनेत असतात तिथून उठून गोरिला बघायच्या एका तासाला ८०० डॉलर मोजायचे, हे मला पटवून घेता येत नाहीये. आई म्हणते एवढं लांब जातेस तर बघून ये, सांगलीची आजी म्हणते आधी काम पुरं कर मग हिंड.

तर जंगल करावं का, करायचं तर कुठलं, आणि आधी, मध्ये की शेवटी? कोणी त्या बाजूला राहिलेलं किंवा जाऊन आलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. तिथून मी थेट सांगलीला येणार आहे, त्याचंही काही असेल तर सांगा.

जंगलवेडा :
करावं का हा प्रश्नच नाही, जा!! जून-जुलै म्हणजे तिकडचा कोरडा सीझन, गवत बसलेलं असतं, जनावरं पाण्याजवळ येतात. तीन-चार दिवसांत मी म्हणेन सरळ क्वीन एलिझाबेथ. लेक जॉर्ज आणि लेक एडवर्ड ही दोन तळी जोडणारा काझिंगा चॅनल आहे, त्यात दोनेक तासांची बोट असते. पाणघोडे, म्हशी, मगरी, हत्ती पाण्यावर आलेले आणि पक्षी तर विचारू नका. दक्षिणेकडे इशाशा म्हणून भाग आहे, तिथले सिंह उंबराच्या जातीच्या मोठ्या झाडांवर चढून फांदीवर पसरतात. सगळीकडचे सिंह असं करत नाहीत.

एकच सांगतो, ताडोबाची सवय घेऊन जाऊ नकोस. आपण एका वाघासाठी जिप्सीत चार तास श्वास रोखून बसतो, तिथे मोकळं माळरान आहे, नजर लांब जाते आणि सगळं एकदम दिसतं. सिंहाच्या मागे धावू नकोस, चॅनलवर वेळ घालव.

सुमाताई :
अगं पण युगांडात इबोला होता ना मध्यंतरी? माझ्या भाचीचं असंच ठरलं होतं आणि युनिव्हर्सिटीने ऐनवेळी रद्द केलं, विमानाचे पैसे गेले. जंगल राहू दे, आधी तब्येतीचं बघ. आई-बाबांच्या जिवाला किती घोर.

डॉ_अवधूत :
सुमाताई, काळजी रास्त आहे, पण नीट सांगतो. मी सार्वजनिक आरोग्यात आहे आणि पूर्व आफ्रिकेत बराच काळ काम केलंय.

युगांडात इबोला अधूनमधून येतो हे खरं. २००० साली गुलूला मोठी साथ आली, डॉ. मॅथ्यू लुकविया रुग्णांची सेवा करता करता त्यातच गेले. २०२२ मध्ये मुबेंडे भागात, २०२५ च्या सुरुवातीला कंपालात. प्रत्येक वेळी त्यांनी काही महिन्यांत साथ आटोक्यात आणली. या कामाचा जेवढा अनुभव त्या देशाला आहे तेवढा फार थोड्या देशांना असेल. म्हणून ऋजुता, घाबरून रद्द करायचं कारण नाही. मात्र बुकिंग असं कर की युनिव्हर्सिटीने थांबवलं तर निदान काही पैसे परत मिळतील. हे तिकिटाला लागू आणि जंगलाला जास्तच लागू.

खरा धोका रस्ता आहे. परदेशात तरुण प्रवाशांचे जीव जातात ते सिंहाने किंवा विषाणूने नाही, बहुतेक वेळा गाडीच्या अपघातात. बोडा-बोडा (मोटारसायकल टॅक्सी) हेल्मेटशिवाय बसू नका, आणि अंधार पडल्यावर लांबचा प्रवास अजिबात नको. सफारीचा दिवस आखताना सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचणं धरूनच आखा, मग एखादं प्राणिदर्शन हुकलं तरी चालेल.

दुसरं मलेरिया. म्बरारा उंचावर आहे म्हणून ढिलाई नको, आणि जंगल तर खाली रिफ्ट व्हॅलीत आहे. गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सी घेत असाल तर चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर आठवडाभर. डॉक्सीने ऊन बाधतं, उघड्या बोटीत बसणार तर टोपी आणि लांब बाह्या. सांगलीला गेल्यावर ताप आला तर पहिल्या वाक्यात सांग की युगांडातून आलेय, नाहीतर व्हायरल म्हणून दोन दिवस फुकट जातात आणि फाल्सिपॅरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) तेवढं थांबत नाही.

तिसरं, हे विद्यार्थी विसरतात. वॉर्डात सुई टोचली तर एचआयव्हीची पेप (लागण टाळायची औषधं) ७२ तासांच्या आत, खरं तर काही तासांतच सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी टोचलं आणि सकाळी गाडी दारात उभी, तेव्हा "परत आल्यावर बघू" असं करायचं नाही. सुरुवातीच्या डोसांचा पॅक इंग्लंडहूनच घेऊन जा. सफारी त्यानंतर.

आणि गुहेत जायचं नाही! क्वीन एलिझाबेथमध्ये मारामागांबो जंगलात पायथन केव्ह आहे, हजारो वटवाघळं. तिथे जाऊन आलेल्या दोन पर्यटक बायकांना मारबर्ग (इबोलासारखाच विषाणूचा ताप) झाला. अमेरिकन बाई वाचली, डच बाई २००८ च्या जुलैत वारली. आता वटवाघळं लांबून बघायची सोय केली आहे, तेवढंच बघा.

वऱ्हाडी_पाटील :
माझं मत वेगळं आहे, राग मानू नको. डॉक्टरकी शिकायला आणि जंगल बघायला आफ्रिकेत कशाला जावं लागते? मेळघाटात ये. धारणीच्या पुढच्या गावांत कुपोषण, बाळंतपणं, सिकल सेल, साप चावलेले, सगळं आहे आणि भोवती व्याघ्र प्रकल्पच आहे. हेमलकशाला तर प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमट्यांनी १९७३ पासून दवाखाना चालवला, आणि अनाथ जंगली प्राणी सांभाळले तेही त्याच आवारात. आपल्या पोरांनी पहिले आपली माणसं पाहावी.

मेघना_प :
पाटील, मेळघाट कोणीच नाकारत नाहीये हो. पण मुलगी युगांडाचं सगळं ठरवून आलीय, आता प्रश्न शेवटच्या चार दिवसांचा आहे. आणि "आपली माणसं" म्हणताना म्बराराचं आजारी बाळ परकं कसं झालं? मी डहाणूच्या पाड्यांवर काम केलंय. तिथे जे शिकले ते मला मलावीत उपयोगी पडलं आणि मलावीतलं डहाणूला.

वऱ्हाडी_पाटील :
@मेघना_प परकं म्हटलं नाही. एवढंच म्हणतो की परतल्यावर सांगलीहून एक चक्कर हेमलकशालाही मार. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो तेवढं बघून ये.

कंपालाकर :
मी कंपालात बरीच वर्षं आहे, अकाउंट्सचं काम. रस्त्याचं आणि पैशाचं मी सांगतो.

कंपाला ते म्बरारा साधारण २७० किमी, मसाका रोडने, वाटेत कयाब्वेला विषुववृत्त ओलांडता, सगळे थांबून फोटो काढतात तुम्हीही काढा. पाच तास धरा, कंपालातून बाहेर पडायलाच वेळ जातो. म्बराराहून क्वीन एलिझाबेथ बुशेन्यीवरून, रस्ता चांगला आहे, चहाचे मळे लागतात आणि मग किचवांबाला कड्यावरून एकदम खाली पूर्ण रिफ्ट व्हॅली दिसते, तिथे ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. या वाटेवरच कालिंझू म्हणून राखीव जंगल आहे, वनखात्याचं. तिथे चिंपांझी बघायला मिळतात आणि किबाले नॅशनल पार्कपेक्षा (तिथे परमिट २५० डॉलर) बरंच स्वस्तात होतं. टूरवाले हे आपणहून सांगत नाहीत.

पार्कची एंट्री माणशी ४० डॉलरच्या आसपास, चोवीस तासांची असते. म्हणजे दुपारी दोनला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत. संध्याकाळचा ड्राइव्ह, सकाळचा ड्राइव्ह आणि बोट एकाच एंट्रीत बसतं. गेटवर रोकड घेत नाहीत, कार्ड किंवा मोबाइल मनी. डॉलर आणाल ते नव्या नोटा आणा, जुन्या सालच्या आणि चुरगळलेल्या इथे कोणी घेत नाही.

गाडी मात्र दोघींत महाग पडेल. हॉस्टेलमध्ये इतर देशांचे विद्यार्थी असतातच, चौघं जमवा म्हणजे गाडीचा खर्च निम्मा. छत उघडणारी व्हॅन पुरते, क्वीन एलिझाबेथच्या मुख्य भागाला फोर बाय फोरची गरज नाही. इशाशाला आणि ब्विंडीला मात्र हवीच, रस्ता मुरमाचा आहे आणि कोरड्या सीझनमध्येही एखादी सर आली की चिकट होतो.

आणि हो, रस्त्यावरचा रोलेक्स खा. चपातीत अंड्याचं ऑम्लेट गुंडाळलेलं, कोबी-टोमॅटो घालून, तव्यावरून गरम गरम. आपल्याच लोकांनी चपाती इकडे आणली आणि युगांडाच्या पोरांनी तिचं सोनं केलं.

चिन्मय_को :
@कंपालाकर तुमच्याकडे मराठी मंडळ आहे का? गणपती बसवतात का? आणि १९७२ ला हुकूमशहा इदी अमीनने सगळ्या भारतीयांना ९० दिवसांत हाकललं होतं ना, मग आता लोक परत कसे आले?

कंपालाकर :
गणपती बसतो, मोदकही होतात. १९७२ ला गेलेले बहुतेक इंग्लंड-कॅनडात राहिले, लेस्टर त्यांनीच भरलं. १९८६ नंतर मुसेवेनी सरकारने मालमत्ता परत द्यायला सुरुवात केली तेव्हा काही कुटुंबं परतली, बाकी माझ्यासारखे नंतर नोकरीला आलेले. यावर वेगळा धागा काढू, इथे ऋजुताचा प्रश्न राहू दे.

प्रिया_नर्स :
मी नॉटिंगहॅमला श्वसनविकाराच्या वॉर्डात आहे आणि ब्विंडीला जाऊन आलेय. अवधूत सरांनी प्राण्यांकडून माणसाला काय होतं ते लिहिलं, मला उलट बाजू सांगायची आहे कारण मेडिकलच्या मुलांसाठी तीच जास्त महत्त्वाची आहे.

गोरिला आणि चिंपांझी आपल्या इतके जवळचे आहेत की आपला साधा सर्दी-खोकला त्यांना मारू शकतो. हे अतिशयोक्तीने लिहीत नाहीये. २०१३ मध्ये किबालेच्या कन्यावारा गटात चिंपांझींना श्वसनाचा आजार झाला, पाच गेले, आणि कारण निघालं माणसाचा ऱ्हायनोव्हायरस सी. आपण ज्याला नाक वाहतंय म्हणतो तो. म्हणून गोरिलांकडे जाताना एका गटाकडे दिवसात फक्त आठ माणसं, फक्त एक तास, दहा मीटर अंतर, तोंडाला मास्क, आणि आजारी दिसलात तर रेंजर परत पाठवतात.

आता ऋजुता, तू बालरोग वॉर्डातून जाणार. तिथे प्रत्येक बाळ खोकतंय. मेडिसिनच्या वॉर्डात टीबी आहेच, युगांडा टीबीचं ओझं जास्त असलेल्या देशांत मोडतो. शुक्रवारी वॉर्ड आणि शनिवारी गोरिला हे मला बरोबर वाटत नाही. मध्ये निदान काही दिवस जाऊ दे, घसा जरासा खवखवला तरी परमिट सोडून द्यायची मनाची तयारी ठेव. आठशे डॉलर गेले तरी. तेवढी तयारी नसेल तर परमिट काढूच नकोस, क्वीन एलिझाबेथला जा, बोटीतून पाणघोड्यांवर शिंकलीस तर त्यांना काही होत नाही.

बंड्या_सोलापूर :
गोरिलांनी पण ओपीडीसारखी खिडकी काढावी. आधी टेंपरेचर मग दर्शन.

प्रिया_नर्स :
@बंड्या_सोलापूर हसलात पण कोविडच्या वेळी टेंपरेचर खरंच घेत होते जंगलात शिरायच्या आधी, हातही धुवायला लावायचे.

दीपक_मो :
ऋजुताच्या टोचणीवर कोणी नीट बोललं नाही अजून, ते मला महत्त्वाचं वाटतं. मी ब्विंडीच्या बुहोमा भागात एका आरोग्य प्रकल्पावर होतो.

१९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर काढलं. जमीन नाही, भरपाई म्हणावी अशी नाही, शिकार बंद, जंगलातली औषधं बंद. गोरिला वाचले त्याची किंमत या लोकांनी दिली. हे माहीत नसताना तिथे जाऊन गोरिलासोबत फोटो काढणं मला तरी जमलं नसतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. स्कॉट केलरमन नावाचे अमेरिकन डॉक्टर तिथे आले, बात्वांसाठी झाडाखाली बसून दवाखाना सुरू केला, पुढे त्याचं छोटं हॉस्पिटल झालं आणि आज तेच ब्विंडी कम्युनिटी हॉस्पिटल, नर्सिंग स्कूल आहे, गावकऱ्यांची स्वतःची आरोग्य विमा योजना आहे. बुहोमाला गोरिला बघायला जाणारी माणसं त्याच्या दारावरून जातात.

आणि ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांच्याविषयी वाच. वन्यजीव खात्याच्या पहिल्या पशुवैद्य. १९९६ मध्ये ब्विंडीच्या गोरिलांना खरूज झाली, केस गळाले, एक पिल्लू गेलं. शोध घेत गेल्यावर संशय आला तो कडेच्या शेतांतल्या बुजगावण्यांवर. खरूज झालेल्या माणसांचे जुने कपडे बुजगावण्यांना घातलेले, गोरिला शेतात यायचे आणि ते कपडे हाताळायचे. माणसाला साबण-पाणी आणि खरजेचं औषध मिळत नाही तोवर गोरिला वाचणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. २००३ मध्ये त्यांनी यासाठीच संस्था काढली, त्यात गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांकडून टीबी, कुटुंब नियोजन आणि गोरिलांची नोंद हे एकत्रच चालतं.

तेव्हा वॉर्ड एका बाजूला आणि जंगल दुसऱ्या बाजूला अशी भिंत तू मनात घातली आहेस ती काढ. तिकडे ही एकच गोष्ट आहे. पैशाचं म्हणशील तर पार्कच्या प्रवेश फीचे वीस टक्के आणि प्रत्येक गोरिला परमिटमागे दहा डॉलर आजूबाजूच्या गावांना जातात. कमीच आहे, आणि बात्वांपर्यंत त्यातलं किती पोचतं यावर तिथेही भांडणं चालतात. पण पर्यटक आलेच नाहीत तर काय होतं ते कोविडमध्ये दिसलं. २०२० मध्ये रफिकी नावाचा नामांकित सिल्व्हरबॅक (मोठा नर गोरिला) भाल्याने मारला गेला, डुकरासाठी जंगलात शिरलेल्या माणसाकडून.

ऋजुता_ब :
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार. दीपकदादा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ ब्विंडी हॉस्पिटलबद्दल वाचत बसले. पाटीलकाका, हेमलकशाचं मनावर घेतलंय, सांगलीहून ते महाराष्ट्राचं अगदी दुसरं टोक आहे पण विचारून बघते.

प्रियाताई, तुमच्या मुद्द्याने माझं जवळजवळ ठरलं. खोकला आला तर परमिट सोडायची माझी तयारी आहे का असं स्वतःला विचारलं तर उत्तर "हो, पण मग ते पैसे आत्ताच काढू नयेत" असं येतंय. मैत्रिणीला मात्र गोरिला सोडवत नाहीयेत. वीकेंडला वॉर्डात काम नसतं तेव्हा मध्येच एकदा लेक म्बुरो करावं का?

जंगलवेडा :
तीन-चार दिवसांत क्वीन एलिझाबेथ, इशाशा आणि ब्विंडी तिन्ही करता येतात गं, रस्ता एकच आहे. काटुंगुरूहून खाली इशाशा, तिथून किहिहीवरून बुहोमा. सोडू नका.

कंपालाकर :
@जंगलवेडा नकाशावर एकच आहे, अंगाला तो एक वाटत नाही. येण्याजाण्यात दिवस मोडतात, आणि ब्विंडीहून म्बराराला परतायला चार-पाच तास, मग कंपाला, मग एंटेबेचं विमान. वॉर्डात महिनाभर थकलेल्या मुलींनी एवढं करू नये. एक पार्क नीट करावा.

लेक म्बुरोचं मात्र मध्येच कर ऋजुता, म्बराराहून तासाभराच्या अंतरावर आहे, एका दिवसात होतं. झेब्रा, इलँड, इम्पाला, पाणघोडे आणि २०१५ मध्ये उत्तरेच्या मर्चिसन फॉल्स पार्कहून आणलेले जिराफ. हत्ती नाहीत म्हणून तिथे रेंजरसोबत पायी फिरता येतं. बाहेर अंकोले गायींचे कळप दिसतील, माणसाच्या हाताएवढी लांब शिंगं.

डॉ_अवधूत :
मध्येच जायचं तर हॉस्पिटलला आधीपासून सांगून ठेवा आणि फक्त सुट्टीच्या दिवशी जा. वॉर्ड राउंड बुडवून सफारीला जाणारी मुलं तिथल्या डॉक्टरांना दिसतात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. एका ठिकाणी मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. परदेशी विद्यार्थी सोमवारी आलेच नाहीत आणि ज्या इंटर्नच्या भरवशावर ते शिकत होते तिने एकटीने चाळीस खाटा सांभाळल्या. शेवटी जाण्यात हा फायदा आहे की कोणाचं काही अडत नाही.

कस्तुरी_पुणे :
ऋजुताच्या पुण्याच्या मैत्रिणीसाठी लिहिते. यलो फीव्हरची लस दोघींनाही लागेल, युगांडात शिरतानाच कार्ड बघतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, त्याआधीचं कार्ड धरत नाहीत. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. आणि ऋजुता तू तिथून थेट भारतात येणार म्हणतेस तर कार्ड हँडबॅगेत ठेव, सामानात टाकू नको. कार्ड नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, पासपोर्ट कुठलाही असो. भारतातून घेणाऱ्यांनी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थची केंद्रं आहेत, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ही जिवंत लस आहे.

सुमाताई :
कस्तुरीने लिहिलं ते बरं झालं, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऋजुता, इन्शुरन्सचं कोणीतरी लिहा. जंगलात पडली झडली तर?

डॉ_अवधूत :
बरोबर विचारलंत सुमाताई. युनिव्हर्सिटीचा विमा इलेक्टिव्हच्या दिवसांपुरता असतो, पुढचे सुट्टीचे दिवस त्यात येतात की नाही हे लेखी विचारून घे. विमानाने हलवायचा खर्च त्यात हवा. त्या भागात आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स आहेत, १९५७ पासून नैरोबीहून चालतात, पर्यटकांसाठी थोड्या दिवसांचं सभासदत्व देतात. व्हिसाचंही बघा, टुरिस्ट व्हिसावर हॉस्पिटलात काम करणं चालत नाही, हॉस्पिटलने सांगितलेलीच परवानगी काढा, मग जंगलाचे दिवस त्याच मुदतीत बसवा.

मेघना_प :
एक भर घालते. लेक व्हिक्टोरियात किंवा कुठल्याही तळ्यात सगळे पोहतात म्हणून उतरू नका, बिलहार्झिया (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या कृमींचा आजार) होतो. आणि कधी मर्चिसनकडे गेलात तर निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात आणि कपड्यावरूनही चावतात.

वऱ्हाडी_पाटील :
दीपकभाऊंचं बात्वांचं वाचून आमच्या मेळघाटातल्या पुनर्वसनाची आठवण झाली. कोरकू गावं बाहेर काढली तेव्हाही असाच गोंधळ होता, कोणाला पैसे मिळाले कोणाची तब्येत खालावली. मुलगी हे दोन्हीकडे पाहील तर चांगलंच आहे. जा पोरी, आणि बात्वांच्या दवाखान्यात नक्की थांब.

दीपक_मो :
@वऱ्हाडी_पाटील अगदी तेच. ऋजुता, गोरिला परमिट न काढताही बुहोमाला जाता येतं. हॉस्पिटलला आधी मेल कर, भेट द्यायला येणाऱ्यांना ते भेटतात. बात्वा लोक स्वतः जंगलाच्या कडेने फिरवून जुनं जगणं दाखवतात, त्याचे पैसे त्यांना मिळतात. फक्त फोटो विचारून काढा.

ऋजुता_ब :
मैत्रिणीशी बोलले. आमचं असं ठरतंय: मधल्या एका सुट्टीच्या दिवशी लेक म्बुरो, हॉस्पिटलला सांगून. वॉर्ड संपल्यावर एक पूर्ण दिवस म्बरारातच विश्रांती, मग कालिंझू सोडून (चिंपांझींनाही तोच खोकल्याचा धोका म्हणून) थेट क्वीन एलिझाबेथ, दोन रात्री, काझिंगाची बोट. मैत्रिणीला गोरिला हवेतच तर ती इलेक्टिव्ह सुरू व्हायच्या आधी तीन दिवस लवकर येतेय, पुण्याहून ताजीतवानी, वॉर्डात पाय टाकायच्या आत. विमानात सर्दी झाली तर परमिट सोडेन असं तिने लिहून दिलंय मला. ती बुहोमाच्या हॉस्पिटललाही जाईल. हे बरोबर आहे ना? "आधी" हा पर्याय मी विचारला होता पण त्याचं उत्तर असं निघेल असं वाटलं नव्हतं.

प्रिया_नर्स :
उत्तम! आधी जाणं सगळ्यात योग्य, हे मलाही सुचलं नव्हतं. तिला म्हणावं विमानात पूर्ण वेळ मास्क लाव, आणि उतरल्यावर पहिले दोन दिवस तब्येत बघून मगच ट्रेकचा दिवस ठेव.

कंपालाकर :
जून ते ऑगस्ट गर्दीचा सीझन आहे, परमिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, तिने आत्ताच चौकशी करावी. परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं. ड्रायव्हर ओळखीचा देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. क्वीन एलिझाबेथला म्वेयाच्या बाजूला मुक्काम असेल तर रात्री खोलीबाहेर एकट्या हिंडू नका, पाणघोडे चरायला गवतावर येतात.

जंगलवेडा :
बरं, दोन रात्री क्वीन एलिझाबेथ, मान्य. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घे, दोघींत एक पुरेल. आणि बोटीचं तिकीट दुपारच्या फेरीचं काढा, उन्हं चढली की हत्ती पाण्यावर येतात.